अर्धा बसलेला पाना

आमच्या इंदिरानगरच्या गल्लीत सकाळी कुणाला गजर लावावा लागत नसे. अण्णा गाडी सुरू करायचे आणि बॉनेटखालून अशी काही किंचाळी निघायची की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागायचं, आणि कुत्र्यावर ओरडायला त्या घरातल्या काकू उठायच्या. थंडीच्या दिवसांत तर ती किंचाळी गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत थांबायची नाही. अण्णा मात्र काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पंचवटीच्या दिशेने निघून जायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, येणाऱ्या यजमानांचे विधी सांगणं हे आमच्या घरातलं पिढ्यांचं काम. लांबून येणाऱ्या म्हाताऱ्या यजमानांना नाशिकरोड स्टेशनवरून आणता यावं म्हणून त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. पंचांगातल्या बारीकसारीक गोष्टी तोंडपाठ असलेल्या माझ्या वडिलांना गाडीत डिझेल कुठून भरायचं, यापलीकडे तिच्याविषयी काही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी मी घरी होते. मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात तीन विषय राहिले आणि वर्ष गेलं. आमच्या घरात या गोष्टीवर कुणी आवाज चढवला नाही, तेच मला फार जड गेलं. आई माझ्या मुगाच्या खिचडीवर नेहमीपेक्षा चमचाभर तूप जास्त सोडायची, पापड भाजून ताटात ठेवायची आणि माझ्याकडे न बघता कढी वाढायची. कुणी विचारलं, मुक्ता काय करते सध्या, की ती पटकन म्हणायची, "अभ्यास करते." मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली असायचे आणि त्याच पानावर दुपार व्हायची. कुकरच्या शिट्ट्या, गच्चीवर वाळत घातलेल्या धोतरांची फडफड, अण्णांचं स्वतःशीच चाललेलं संथ पुटपुटणं. या आवाजांत मी एखाद्या पाहुणीसारखी राहत होते. आज पन्नाशीला आल्यावर वाटतं, एकोणिसाव्या वर्षी एक वर्ष हातून जाणं ही काय मोठी गोष्ट. पण एकोणिसाव्या वर्षी ते कोण सांगणार, आणि सांगितलं तरी कोण ऐकणार!

एका सकाळी गाडी किंचाळली ती थांबेचना. अण्णा खाली उतरले, बॉनेटकडे बघत उभे राहिले आणि मला हाक मारून म्हणाले, "मुक्ता, तुझ्या अभ्यासक्रमात हे येत असेल ना?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खरोखरच विचारत होते. मला येत नव्हतं. "मग अंबडच्या रस्त्याला भोयेंचं गॅरेज आहे, तिथे घेऊन जा. मी आज रिक्षाने जातो." गाडी चालवायला मी नुकतीच शिकले होते. ती किंचाळणारी गाडी घेऊन, सगळ्या रस्त्याच्या नजरा झेलत, मी भोयेकाकांच्या पत्र्याच्या शेडपुढे जाऊन उभी राहिले.

भोयेकाका मूळचे सुरगाण्याच्या डोंगरातले. तरुणपणी भात कापून झाला की कामाला नाशिकला यायचे, पुढे सुरगाण्याच्या जीपगाड्यांवर राहिले, त्या वाटेत बंद पडतील तिथे दुरुस्त करत करत मिस्त्री झाले आणि शेवटी अंबडला स्वतःचं गॅरेज टाकलं. हाताखाली कुणी नव्हतं, सगळं काम एकट्याने करायचे. बुटके, काटक, आणि बोलणं इतकं हळू की चालू इंजिनाशेजारी ते काय म्हणाले हे ओठांवरून ओळखावं लागे. त्यांनी पाण्याची बाटली घेतली आणि फिरत्या पट्ट्यावर थोडं पाणी उडवलं. किंचाळी आणखी वाढली. "पट्टा घसरतोय," ते म्हणाले. "पट्टा जुना झाला हाय, आन् टेन्शनरची स्प्रिंग बी थकली." मी विचारलं, "टेन्शनर म्हणजे नेमकं काय?" त्यांनी इंजिन बंद केलं आणि मला जवळ बोलावलं.

एवढं साधं मला दोन वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. एकच लांब पट्टा नागमोडी फिरत जातो आणि सगळं चालवतो. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप, एसी, पाण्याचा पंप. तो पट्टा ढिला पडू नये म्हणून स्प्रिंगच्या जोरावर एक दांडी त्याला सतत दाबून धरते. दांडीच्या टोकाला छोटी पुली. तोच टेन्शनर. पट्टा काढायचा तर त्याच्या नटावर लांब पाना लावून दांडी स्प्रिंगच्या विरुद्ध ओढायची. पट्टा सैल पडतो, मग एका पुलीवरून तो अलगद उतरवायचा. नवा चढवतानाही तसंच. एकाने टेन्शनर ओढून धरायचा, दुसऱ्याने शेवटच्या पुलीवर पट्टा सरकवायचा. "आन् सोडताना हात काढायचा नाय," काका म्हणाले. "पान्याबरोबर हात हळूच मागं येऊ द्यायचा. थकली तरी या स्प्रिंगमधी लय जोर हाय, पोरी." पट्टा काढण्याआधी त्यांनी खडूने शेडच्या भिंतीवर त्याची वाट काढून ठेवली, कुठल्या पुलीच्या वरून, कुठल्या पुलीच्या खालून. ती मी नंतर वहीत उतरवून घेतली. ते पान माझ्याकडे अजून आहे, त्यावर ग्रीसचा अंगठा उमटलेला आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी आवाज न करता निघाली आणि समोरच्या काकूंना उठायला उशीर झाला. मी मात्र काहीतरी कारण काढून पुन्हा गॅरेजवर गेले. तिसऱ्या दिवशी कारणही काढलं नाही. आठवडाभराने काकांनी विचारलं, "घरी ठाऊक हाय का?" मी त्याच संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं. आईचा हात वरणाच्या पळीवर थांबला. अण्णांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "काम शिकतेस की नुसती बघतेस?" मी म्हणाले, "शिकते." "मग जा. येताना हात कोपरापर्यंत धुऊन येत जा." एवढंच. आईने न्हाणीघरात डाळीच्या पिठाची एक वाटी ठेवायला सुरुवात केली. साबणाने न निघणारं काळं त्याने निघायचं.

दुपारी एक वाजता काका हात धुऊन डबा उघडायचे. नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, खुरासणीची म्हणजे कारळ्याची काळी चटणी, कधी उडदाची घट्ट आमटी. माझ्या डब्यात आईची पोळीभाजी आणि कोपऱ्यात लिंबाचं लोणचं. पहिले काही दिवस आम्ही आपापलं खाल्लं. मग एकदा त्यांनी चटणी पुढे केली आणि मी लोणचं दिलं. त्यानंतर कुणाचा डबा कुणी संपवला याचा पत्ता राहिला नाही. आईच्या हे लक्षात आलं, कारण डब्याला काळी चटणी लागलेली असायची. आमच्या घरचे सोवळ्याओवळ्याचे दंडक मला माहीत होते, म्हणून मी मनात उत्तर तयार करून ठेवलं होतं. आईने बोटाने चटणी चाखली, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "ही भाजून कुटतात की कच्चीच? विचारून ये." मी तयार ठेवलेलं उत्तर गिळून टाकलं. माझ्या आईविषयी माझे जे अंदाज होते ते तिने आयुष्यभर असे एकेक करून मोडून काढले, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

तीन महिने असे गेले. हात तयार होत होते आणि त्याबरोबर डोक्यात थोडी हवाही शिरत होती, हे आज कबूल करायला हरकत नाही. त्या दुपारी एका मोठ्या गाडीचा तसाच लांब पट्टा बदलायचा होता. जुना उतरवला, नवा सगळ्या पुल्यांवरून फिरवून आणला, आता फक्त अल्टरनेटरची पुली राहिली होती. काका उघड्या बॉनेटखाली इंजिनावर आडवे होऊन पट्टा बोटांत धरून थांबले होते. मी खालच्या बाजूने टेन्शनरच्या नटावर पाना लावत होते. जागा फार अडचणीची होती. पाना नटावर टेकला, पण पूर्ण बसला नाही. हाताला ते बरोबर कळतं, तळाशी गेला की जो घट्टपणा येतो तो आला नव्हता. पुन्हा काढून नीट लावायला चार-पाच सेकंद लागले असते. तेवढ्यात शेडच्या दाराशी सावली पडली. मी वर पाहिलं तर अण्णा. पंचवटीहून परतताना प्रथमच, न सांगता, माझं काम बघायला आले होते. पांढरं धोतर, सदरा, कपाळावरचं गंध, आणि चेहऱ्यावर कौतुक. ते कौतुक पाहिलं आणि त्यांच्यासमोर पाना चाचपडत बसणं मला नको वाटलं. मी ओढला.

"बसला का नीट?" काकांनी विचारलं.

"हो, बसला."

माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी पुलीवर बोटं घातली. पट्टा कडेवर चढत होता आणि पाना सटकला. टेन्शनर धाडकन मागे आला, पट्टा ताठ झाला आणि काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं पट्टा आणि पुली यांच्यामध्ये दाबली गेली. ते ओरडले नाहीत. नाकातून एक लांब श्वास आत ओढला, तेवढाच आवाज झाला. माझा पाना खाली फरशीवर पडून वाजला. मी तो उचलायलाही विसरले.

"पोरी," काका म्हणाले, नेहमीच्याच हळू आवाजात. "पाना उचल."

मी उचलला. पण तो नटापर्यंत जाईना, दोनदा शेजारच्या लोखंडावर आपटला. त्यांचा डावा हात मोकळा होता, पण तो तिथवर पोचणं शक्य नव्हतं. शेडमध्ये टेन्शनर सोडवू शकेल असं माणूस मी एकटीच होते. "काका, मी कुणाला तरी बोलावते—"

"कुणाला नको. तूच. घाई नको करू. आधी नट बोटानं हुडक, मग पाना लाव." त्यांच्या कपाळावरून घाम पट्ट्यावर पडत होता. "लागला? आता तळापर्यंत दाब. दाब अजून. आता ओढ. खाली नाय, वर. माझ्याकडं."

या वेळी तो घट्टपणा हाताला आला. मी ओढलं, पण माझ्यात जोरच उरला नव्हता. दांडी जराशी हलली आणि अडली. तेवढ्यात माझ्या मुठीवर दुसरे दोन हात आले. अण्णा माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांना ना पाना ठाऊक ना टेन्शनर, त्यांनी फक्त विचारलं, "कुठे ओढू?" मी म्हणाले, "वर." आम्ही दोघांनी मिळून ओढलं. पट्टा सैल पडला. काकांनी बोटं बाहेर काढली आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत धरली. मी अजून पाना धरूनच होते. "आता सोड," ते म्हणाले, "हळू. मागं येऊ दे." तशा अवस्थेतही त्यांनी मला टेन्शनर कसा सोडायचा हे सांगितलं. अण्णांचा पांढरा सदरा छातीपासून कोपरापर्यंत काळा झाला होता.

एका बोटाचं हाड मोडलं होतं, दुसऱ्याचं नख गेलं. दवाखान्यातून अण्णांनी काकांना त्यांच्या घरी पोचवलं आणि मला आपल्या घरी आणलं. दोन दिवस मी गॅरेजकडे फिरकले नाही. पुस्तक उघडून त्याच आतल्या खोलीत बसले. अण्णा आईला सांगत होते ते मला ऐकू येत होतं. "चूक माझी आहे. मी असा अचानक जाऊन उभा राहिलो, तिचं लक्ष गेलं." ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. पाना अर्धा बसलाय हे मला माहीत होतं, आणि तरी मी "हो" म्हणाले होते, हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भोयेकाका आमच्या घरी आले. हाताला मोठं बँडेज, अंगात इस्त्रीचा शर्ट. चप्पल दाराबाहेर अगदी भिंतीला लावून ठेवली आणि आत यायला घुटमळले. आईने "या ना भोये, आत या" म्हणून त्यांना झोपाळ्यावर बसवलं आणि गरम शिरा आणला. डाव्या हाताने खाता यावं म्हणून तिने चमचा बशीच्या डाव्या बाजूला ठेवला होता. अण्णांनी पुन्हा तेच सांगायला सुरुवात केली, "भोये, खरं तर माझ्यामुळे—"

"नाही अण्णा," मी दारातून म्हणाले. थांबले असते तर पुन्हा कधीच बोलले नसते. "तुमच्यामुळे नाही. पाना अर्धाच बसला होता. मला कळलं होतं. काकांनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. तुम्ही बघत होतात म्हणून."

आई बशीकडे बघत उभी राहिली. अण्णांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता हे सगळं संपलं. काकांनी शिऱ्याचा घास सावकाश चावला.

"पाना अर्धा होता, हे मी घरी गेल्यावर वळखलं," ते म्हणाले. "पुरा बसलेला पाना असा निसटत नाय. गुरुजी, मी आज येवढंच बघायला आलो व्हतो, पोरगी सांगती का नाय." मग माझ्याकडे वळले. "सांगितलंस. आता उद्या ये. ती गाडी तशीच उभी हाय आन् मला हात नाय."

अण्णा जागचे उठले. मला वाटलं ते नको म्हणतील. इतक्या वर्षांनीही त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "मुक्ता, तू पहिल्यांदा केलंस ते मी आत्ता ऐकलं. दुसऱ्यांदा केलंस ते डोळ्यांनी पाहिलंय. थरथरत होतीस, तरी धरून ठेवलंस. उद्या जा."

पुढचे दीड महिने मी काकांचे हात झाले. ते स्टुलावर बसायचे, मी काम करायचे. नट कुठला, आवाज कशाचा, बेअरिंग हाताने फिरवल्यावर खरखर कशी लागते, सगळं ते शब्दांत सांगायचे, कारण करून दाखवायला हात नव्हता. इतकं बोलताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी पाना लागला की ते विचारायचे आणि मी खरं उत्तर द्यायचे. कितीदा तरी "नाही, थांबा" असंच असायचं. त्या "नाही, थांबा"ची लाज हळूहळू गेली. हातात काम आल्यावर पुस्तकातल्या आकृत्याही उलगडायला लागल्या. राहिलेले तिन्ही विषय मी पुढच्या परीक्षेत सोडवले.

बँडेज सुटलं तेव्हा मधलं बोट थोडं वाकडंच राहिलं होतं. त्या आठवड्यात पट्ट्याची गाडी आली. मला वाटलं, पट्टा आता मलाच चढवायला सांगतील आणि पाना स्वतः धरतील. कुणीही तेच केलं असतं. काका उघड्या बॉनेटखाली आडवे झाले, तोच उजवा हात पुढे केला आणि म्हणाले, "तू धर." मी पाना लावला, तळापर्यंत दाबला, ओढला. "बसला," मी म्हणाले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. वाकडं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही पुलीवर घातली आणि निवांतपणे पट्टा सरकवला. कुणी माझ्यावर इतका विश्वास टाकल्याचं मला त्यानंतरच्या आयुष्यात आठवत नाही. नोकरीत मोठमोठी यंत्रं माझ्या सहीने चालू झाली, पण तसा घाम पुन्हा कधी फुटला नाही.

काका आता सुरगाण्याला असतात. गॅरेज कधीच बंद झालं, भाताची थोडी जमीन आहे ती बघतात. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले होते. ओटीवर त्यांचे शेजारीपाजारी जमले. माझी ओळख करून देताना त्यांनी ते वाकडं बोट सगळ्यांसमोर धरलं. "मशीनमधी गावलं व्हतं हे," ते म्हणाले, "आन् या पोरीनं सोडवलं. हिच्यामुळं हे बोट राहिलं." लोक माझ्याकडे आदराने बघायला लागले. मी काही बोलायला तोंड उघडलं तर काकांनी नागलीची भाकरी माझ्या ताटात वाढली आणि "जेव आधी" म्हणाले. पुढे कळलं की गावात, नातलगांत, अगदी स्वतःच्या बायकोलाही त्यांनी इतक्या वर्षांत एवढंच सांगितलंय. बोट कुणी सोडवलं ते सगळ्यांना माहीत आहे. ते अडकवलं कुणी, हे त्यांनी एकालाही सांगितलेलं नाही. ते सांगायचं काम माझं आहे, म्हणून इथे लिहून ठेवलं.